धुऱ्यावरची फांदी

“…तर आता तुम्हीच सांगा, बुवा. यातलं कोणतं हत्यार घेऊ?”

झिंगराजी बुवांनी बशीतला चहा संपवला आणि बशी बाजूला सारली.

ओट्यावर पोतं अंथरून पाहुण्याने हत्यारं मांडली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, एका रांगेत. हाताची कैची. लांब दांड्यांची कैची. बांबूच्या टोकाला बसवायचं वाकडं पातं. आणि तीन आऱ्या. त्यातली एक परदेशी, तिला चामड्याचं म्यान. प्रत्येक पात्याला तेल लावलेलं. एकाही दात्यात भुश्शाचा कण नव्हता.

मी कपबशा आवरत होतो. मी म्हणजे बुवांकडे आठ दिवसांसाठी आलेला आणि चार वर्षं झाली तरी न गेलेला एक रिटायर मास्तर. इथे येणाऱ्यांचे दोन प्रकार मला आता लांबून ओळखता येतात. एकांना काहीतरी विचारायचं असतं. दुसऱ्यांना आपल्याला किती कळतं ते दाखवायचं असतं आणि त्यासाठी एक प्रश्न लागतो. हा पाहुणा दुसऱ्यांतला. बूट काढायच्या आधी त्याने आपली पदवी सांगितली होती.

नाव श्रीधर अढाऊ. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. शेतीच्या कॉलेजात प्राध्यापक, विषय फळझाडं. गाव इथून दीड तासावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या पट्ट्यात. घरची बाग होती, त्यातली निम्मी आता त्यांची.

बुवांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बागा छाटल्या. झाडावर चढणं होईना तेव्हा टेकडीखालच्या या दोन खोल्यांत येऊन राहिले. लोक झाडांचं विचारायला येत आणि उठता उठता भलतंच काही विचारून जात. होता होता लोक याला मठ म्हणायला लागले. बुवा अजून ‘खोली’च म्हणतात.

“कायची फांदी हाय?” बुवांनी विचारलं.

“आंब्याची. गावरान.”

“केवढी?”

“मांडीएवढी. बुडाशी त्याहून जाड.”

“वाळली?”

“नाही. हिरवीगार आहे. यंदा सगळा आंबा तिलाच लागला.”

बुवा टेकडीकडे बघत राहिले…

श्रीधररावांना ती शांतता मानवली नाही. वर्गात गप्प झालं की शिकवणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. मीही त्याच जातकुळीचा, म्हणून सांगतो. ते बोलायला लागले. हाताची कैची अंगठ्याएवढ्या काडीपर्यंत. लांब दांड्यांची, मनगटाएवढ्या फांदीपर्यंत. त्यापुढे आरीच. कुऱ्हाड कधीच नाही, कुऱ्हाडीने लाकूड चेचतं. आधी खालून काप घ्यायचा, मग वरून, नाहीतर फांदी खाली येताना बुंध्याची साल सोलत नेते. आणि खोडाला लागून फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते ती राखून कापायचं, म्हणजे झाड आपली जखम आपणच भरून काढतं.

सगळं बरोबर होतं. एक अक्षर चुकलं नव्हतं.

“इतकं मालूम हाय,” बुवा म्हणाले, “मंग मले कायले इचारून राह्यला, बापू?”

“मला जखम राहायला नको आहे. कापल्याची खूणसुद्धा नको.”

“कोनाले?”

“झाडाला.”

“बरं…”

बुवांनी परदेशी आरी हातात घेतली. म्यानातून काढली नाही. नुसतं वजन पाहिलं आणि परत जागेवर ठेवली.

“काऊन कापाची?”

“धुऱ्यावरून पलीकडे गेली आहे.”

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधला बांध. आमच्याकडे माणसं एकवेळ देवाला विसरतील, धुऱ्याला विसरणार नाहीत.

“खोड माझ्यात आहे,” श्रीधरराव म्हणाले. “फांदी दुसऱ्याच्या शेतात. त्याच्या संत्र्यावर सावली पडते.”

“त्यानं सांगतलं, काप म्हनून?”

“नाही.”

“भांडला?”

“नाही… तो बोलतच नाही.”

“तो म्हंजे कोन?”

श्रीधररावांनी हाताची कैची उघडली, मिटली. परत उघडली.

“माझा भाऊ. मोठा… दादा.”

मला आत जायला हवं होतं. कपबशा हातातच होत्या. पण मी दाराशी टेकलो आणि तिथेच राहिलो. मास्तरकी सुटली तरी चौकशीची खोड सुटलेली नाही.

“किती वर्सं झाले?”

“नऊ.”

“त्या फांदीखाली तो काय करते?”

हा प्रश्न त्यांच्या अपेक्षेतला नव्हता. झाडाच्या वयाबद्दल, मातीबद्दल, फवारणीबद्दल त्यांची उत्तरं तयार असणार.

“जेवतो,” ते म्हणाले. “रोज दुपारी तिथे येतो. फडकं सोडतो, भाकर खातो, पाणी पितो, उठतो. माझ्याकडे पाठ करून बसतो.”

“तुले कसं मालूम?”

“रविवारी मी शेतावर असतो.”

“अन् बाकी दिवशी?”

ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती, तिचाच काय तो आवाज.

“कधी कधी कॉलेजातून जातो,” ते म्हणाले. “दुपारच्या सुट्टीत. गाडी लांब लावतो… तो उठून गेला की परत येतो.”

“दीड घंटा जाचं, दीड घंटा याचं?”

“कॉलेज जवळ आहे. वीस मिनिटं.” मग जरा थांबून, “तासभर लागला असता तरी गेलो असतो.”

आता मला त्यांच्या पदवीचा राग राहिला नव्हता. माणूस एका पाठीकडे बघायला वीस मिनिटं गाडी हाकतो, त्याच्यावर रागावणार कसं?

“मंग सावली राहू दे ना,” बुवा म्हणाले. “त्याले जेवाले होते.”

“नाही.”

“काऊन?”

“मागच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. बेबी म्हणतो आम्ही. माझ्या खांद्यावर वाढली ती. मला पत्रिका नाही आली. गल्ली एकच आहे, बुवा. मांडव माझ्या खिडकीतून दिसत होता. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा बायको म्हणाली, खिडकी लावून घेऊ का. मी म्हटलं, राहू दे. तिने देव्हाऱ्यातल्या अक्षता आणून माझ्या हातात दिल्या. प्रत्येक ‘सावधान’ला मी त्या समोरच्या भिंतीवर टाकल्या… भिंतीवर.”

त्यांनी कैची खाली ठेवली.

“त्या दिवशी ठरवलं. आता माझं काहीएक त्याच्यात नको. एवढी फांदी उरली आहे. ती काढली की संपलं.”

बुवांनी मान हलवली. मला वाटलं, आता ते भावाबद्दल काही बोलतील. माया, लोभ, रक्ताचं नातं, असलं काहीतरी. श्रीधररावांनाही तसंच वाटलं असावं. ते अंग आवरून बसले होते, डॉक्टरने सुई काढली की माणूस बसतो तसे.

“परदेशी घे,” बुवा म्हणाले. “चांगली हाय.”

“…ही?”

“हो. दाते बरे हाय. ओढली म्हंजे कापन.”

एवढ्या लवकर उत्तर मिळालं की माणसाला आपला प्रश्न लहान झाल्यासारखं वाटतं. श्रीधररावांनी जरा नाराजीनेच पोत्यावरची बाकी हत्यारं गोळा करायला घेतली.

“दोर हाय का?” बुवांनी विचारलं.

“आहे. गाडीत. नवा आहे.”

“धरन कोन?”

“मजूर लावीन एखादा.”

“उभा कुठी राहीन तो?”

श्रीधररावांचा हात पिशवीतच राहिला.

ज्यांनी कधी जाड फांदी उतरवलेली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांडीएवढी हिरवी फांदी नुसती कापत गेलं की ती मध्येच वाकते. काप मिटतो आणि आरी लाकडात दाबली जाते. तुटलीच तर उलटी फिरून कापणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून फांदीला दोर बांधून तो वरच्या बेचक्यातून घेतात आणि एकजण तो ताणून धरतो. हा माणूस खोडापाशी उभा राहून चालत नाही. फांदीचं टोक जिकडे, तिकडे त्याला उभं राहावं लागतं.

“पलीकडे,” श्रीधरराव म्हणाले.

“पलीकडे म्हंजे?”

“…दादाच्या शेतात.”

“इचारलं त्याले?”

“नाही.”

“मंग?”

“तो नसताना उतरवीन.”

“कधी नसते तो?”

श्रीधररावांनी हिशेब केल्यासारखं केलं. रविवार नाही. बाजाराचा दिवस नाही. पोळ्याला नाही, दिवाळीलाही नाही.

“असतोच,” ते म्हणाले.

बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले.

“मास्तर, शिडी आना. अन् बापू, तू गाडीतला दोर आन.”

खोलीमागे एक जुनी जांभूळ आहे. तिची एक फांदी आमच्या स्वयंपाकाच्या कौलांवर रेलली होती. दर पावसात चार कौलं फुटायची आणि मी दर पावसात बुवांशी भांडायचो, की ही काढून टाका. बुवा म्हणायचे, बघू.

“काप,” त्यांनी श्रीधररावांना सांगितलं. “दोर मी धरतो.”

श्रीधरराव खूश झाले. बाह्या दुमडल्या, परदेशी आरी म्यानातून काढली, शिडी लावली. दोर वरच्या बेचक्यातून नीट घेतला, गाठही चांगली मारली. चढताना मला म्हणाले, “बघा मास्तर, आधी खालून.” खालून काप घेतला. मग वरून सुरुवात केली.

सुरुवात झाली तीच फार जोरात. त्यांची आरी ओढताना कापणारी. ते ओढतही होते आणि ढकलतही होते, दोन्हीकडे सारखाच जोर. दहा-बारा हात झाले. कपाळावर घाम आला. मग पातं एकदम गप्प झालं. ना पुढे, ना मागे.

“अडकली,” ते म्हणाले.

बुवांनी दोर वीतभर ओढला. काप उघडला आणि आरी सुटून श्रीधररावांच्या हातात आली.

“किती फांद्या कापल्या आजवर?”

“बुवा, मी बावीस वर्षं हा विषय शिकवतो आहे.”

“शिकवल्या बावीस वर्सं. कापल्या किती?”

शिडीवर उभ्या माणसाला नजर चुकवायला जागा फार नसते. त्यांनी वर पाहिलं, पानांत.

“एकही नाही…”

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मी पस्तीस वर्षं पोरांना पोहण्याचे फायदे शिकवले. नदीत कमरेच्या पुढे कधी गेलेलो नाही.

“उतर,” बुवा म्हणाले. “दोर धर.”

“बुवा, तुम्ही चढू नका,” मी म्हटलं. “वय काय, थंडी काय.”

“चारच तं पायऱ्या हाय, मास्तर. मराले तेवढ्या पुरत नाही.”

त्यांनी आपली आरी मागितली. मी आतून आणून दिली. तिचे निम्मे दाते झिजलेले, मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. चिंधीचा मूळ रंग कोणता होता ते आता सांगता येणार नाही. बुवा सावकाश चढले आणि श्रीधररावांचा काप सोडून वीतभर आत, फांदीवर वरून आरी ठेवली.

इकडे श्रीधररावांनी दोर घेतला होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिलो.

त्यांना कोणी काही सांगितलं नाही. बूट घालायलाही ते थांबले नव्हते. अनवाणीच फांदीच्या टोकाकडे चालत गेले, दोर पाठीमागून घेतला, डावा पाय मातीत रुतवला, उजवा मागे टाकला. खांदे खाली आले. मान कलली. मघाशी शिडीवर जो अवघडलेला माणूस होता तो हा नव्हेच. मग त्यांनी डोळे मिटले.

खर्र… खर्र… खर्र…

बुवा वरून काही बोलत नव्हते. बघतही नव्हते. आरी खाली जाई तसा दोर थोडा ताणला जाई. मध्ये बुवांचा हात दमला, आरी थांबली. त्याच क्षणी दोरही थांबला, ना सैल ना घट्ट. पुन्हा आरी, पुन्हा दोर. शेवटी लाकूड करकरलं. श्रीधररावांनी हातातून दोर सोडला तो बोट बोट. जांभळीची ती फांदी कौलांवरून उचलली गेली आणि अंगणात अशी उतरली, की निजलेलं मूल गादीवर ठेवावं. एक कौल हललं नाही.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

“हे कोनं शिकवलं?” बुवांनी शिडीवरूनच विचारलं.

“दादानं.”

त्यांनी दोर दोन्ही हातांत गोळा केला. मग बोलायला लागले आणि त्यांची भाषाच बदलली. इतका वेळ पुस्तकातून बोलणारा माणूस घरच्या बोलीवर आला.

“बाबा गेले तवा मी आठ वर्सांचा होतो, बुवा. दादा अठराचा. बाग त्यानंच राखली. दादानं झाडावर चढाचं, कापाचं. मी खाली दोर धराचा. दुसरा कोनी दोर धराले आला तं दादा चढे नाही. म्हने, शिऱ्याले येऊ द्या शाळेतून.”

“काय सांगे तुले वरून? ओढ, सोड?”

“काहीच नाही. दोरातूनच समजे मले. त्याचा हात दुखाले लागला का समजे. त्याचं कुठी ध्यान नसलं तं तेही समजे. मी इकडं दोर सांभाळून घेतला म्हंजे खाली उतरल्यावर तो एवढंच म्हने, बरं केलं शिऱ्या…”

त्यांनी मनगटाने डोळे पुसले.

“नऊ वर्सांत मले कोनी शिऱ्या म्हनलं नाही. घरात श्रीधरराव, कॉलेजात सर. मले ते नाव आयकू यावं वाटते, बुवा. एकखेप. मंग मेलो तरी चालन.”

मी शिडी धरून उभा होतो. मला माझा भाऊ आठवला, तो नाही आता. पण ती गोष्ट इथली नव्हे.

“तोडलं कोनं मंग?” बुवा म्हणाले.

श्रीधररावांनी दोराचा पीळ हातात चोळला.

“शेताच्या मोजणीचा दिवस होता. वाटणीचं भांडण नव्हतंच, राजीखुशीनं चाललं होतं. चार मानसं आली होती. त्यातला एक म्हनला, भाऊनं झाडं चांगली राखली बाप्पा. दादा हासला. त्याच्या हातात आरी होती, मोजणीच्या आड येनारी एक आंब्याची डांग कापाची होती. अन् मी म्हनलो…”

“काय म्हनलं?”

“म्हनलो, दादाले झाड तोडता येते, छाटता येत नाही. तीस वर्सं त्यानं लाकडं फोडावं तशी बाग कापली… चार मानसांत म्हनलो. माई पीएचडीची पदवी नवी नवी होती. मले वाटलं, लोकाईले समजलं पाहिजे का मले किती समजते.”

“तो काय म्हनला?”

“काही नाही. आरी धुऱ्यावर ठेवली. घरी चालला गेला. ते डांग मंग मजुरानं कापली.”

“खोटं होतं, तू म्हनलं ते?”

“खरं होतं.” श्रीधरराव मान वर करून म्हणाले. त्यांच्यातला प्राध्यापक अजून शिल्लक होता. “खरंच होतं, बुवा. दादा कधी खालून काप घे नाही. सरळ वरूनच कापे. पुस्तकापरमानं पाह्यलं तं सारं चूक.”

“अन् साल? सोलून जाये?”

“जायाले पाहिजे…”

“गेली का?”



बुवांनी शिडीवरून नुसतं बोट दाखवलं. जिथे फांदी होती तिथे, जांभळीच्या अंगावर. श्रीधरराव पुढे आले, टाचा उंच केल्या आणि काप पाहिला. मीही पाहिला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बुवांनी खालून काप घेतलेलाच नव्हता. एवढी जड फांदी, वरून सरळ कापलेली. खालच्या बाजूची साल मात्र काठापर्यंत शाबूत होती. कुठे चीर नाही, कुठे लोंबणारा तुकडा नाही.

श्रीधररावांनी त्या सालीवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

“नाही गेली,” ते म्हणाले. फार हळू. “दादाच्या हातची एकाही झाडाची साल गेली नाही. मी दोर धरून राहो ना…”

बुवा एक एक पायरी उतरले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

“अन् आता?” त्यांनी विचारलं. “आता कापते का तो?”

“कापते. एकटाच. धुऱ्याच्या पलीकडचे चार आंबे त्याचे हाय. मले इकडून दिसते.” श्रीधरराव खाली बसले, मातीतच. पँटचा विचार केला नाही. “सोलले हाय, बुवा. चारी झाडं. हातहात लांब साल लोंबते बुंध्यावरून. एकाले तं डिंक लागला. मी पाहतो अन् मले वाटते, पाहा, मी म्हनलो होतो तेच खरं निंघालं…”

दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडले. मोठा माणूस दिवसाढवळ्या, परक्या अंगणात, असा रडताना मी फारसा पाहिलेला नाही. कोंबडीसुद्धा लांब जाऊन उभी राहिली.

बुवा त्यांच्याशेजारी बसले. पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. अंगणात पसरलेला दोर ते आपल्याकडे ओढत राहिले. हात आणि कोपर यांच्यामध्ये त्याचे वेढे घेत गेले. नवा दोर, कडक, पण जांभळीच्या सालीने ठिकठिकाणी काळा झालेला.

“मी गेलो,” श्रीधरराव शेवटी म्हणाले, “अन् तो बोललाच नाही तं?”

“झाडावर असला म्हंजे बोले का?”

“…नाही.”

“मंग.”

“मले हाकललं तं?”

बुवांनी शेवटचा वेढा घेतला, टोक त्यातून काढून गाठ मारली.

“धुऱ्यापासून हाकलन का घरापासून?”

“धुऱ्यापासून.”

“तं मंग धुऱ्यावर उभं राहाचं. तेवढा तुहा हाय.”

श्रीधरराव उठले. पँट झटकली, डोळे पुसले. दुपार व्हायला अजून अवकाश होता. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मला कळलं ते कशासाठी. भाकरीची वेळ गाठायची होती. ते घाईने ओट्यावर गेले, हत्यारं पिशवीत भरली आणि परदेशी आरी पुसून म्यानात घालायला लागले. तिला चांगली धार होती. बहुधा भावाला द्यायची, असंही त्यांच्या मनात आलं असेल. चेहऱ्यावरून तसं वाटलं.

बुवा मागून आले. त्यांनी श्रीधररावांच्या हातातून आरी काढून घेतली. पिशवीही घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग दोराचं वेटोळं श्रीधररावांच्या खांद्यावर अडकवलं.

“अन् हे, बुवा?” श्रीधररावांनी पिशवीकडे बोट केलं.

“राहू दे इथीच. आरी त्याच्यापाशी असन.”